बोराटीच्या जंगलात ब्रॉन्क्सचं अत्तर

2018 च्या ऑक्टोबरात राळेगाव तालुक्यातल्या जंगलात वनखात्याची माणसं झुडपांवर पुरुषांचं एक महागडं अमेरिकी अत्तर फवारत होती. कॅल्व्हिन क्लाइन कंपनीचं 'ऑब्सेशन फॉर मेन'. बातमी देशभर पसरली, मग लंडन-न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांत गेली, आणि वाघिणीला अत्तराची भुरळ घालायला निघालेल्या सरकारवर भरपूर विनोद झाले. बोराटी, सराटी, वेडशी, विहीरगाव, पिंपळशेंडा या गावांत मात्र कोणी हसत नव्हतं. जून 2016 पासून राळेगाव आणि पांढरकवडा या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यांत 13 माणसं गेली होती. पहिला बळी बोराटीचा. 2018 च्या ऑगस्टमध्ये एकाच महिन्यात आणखी तिघं गेली. जागलीला जाणं बंद झालं होतं, गुरं गोठ्यातच बांधलेली होती, आणि कापूस वेचायला बाया जमाव करून, सोबत काठ्या घेतलेले गडी असले तरच वावरात उतरत होत्या.

वनखात्याच्या कागदावर तिचं नाव टी-1. मुंबई-दिल्लीच्या प्राणिमित्रांनी तिला अवनी केलं. गावात ती नुसती वाघीण होती.

अत्तराची युक्ती हास्यास्पद वाटली तरी ती कोणाच्या डोक्यातून अशीच उगवलेली नव्हती. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात 2003 मध्ये पॅट थॉमस या अधिकाऱ्याने चित्त्यांसमोर 24 प्रकारची अत्तरं ठेवून पाहिली. पिंजऱ्यातला प्राणी कंटाळतो, त्याला काही नवं हुंगायला द्यावं, एवढाच मूळ हेतू. एस्टी लॉडरच्या एका अत्तराकडे चित्त्यांनी जेमतेम दोन सेकंद लक्ष दिलं. 'ऑब्सेशन'पाशी ते सरासरी 11 मिनिटं रेंगाळले, गाल घासत राहिले. मग हीच बाटली ग्वाटेमालाच्या जंगलात गेली, कारण तिथल्या संशोधकांना जग्वार कॅमेऱ्यासमोर थोडा वेळ थांबायला हवा होता. आणि तिथून ती यवतमाळ जिल्ह्यात आली.

राळेगावात प्राणिसंग्रहालय नाही, कधी नव्हतं. कापूस, तूर, सोयाबीनचा हा तालुका. वडकीवरून नागपूर-हैदराबाद महामार्ग जातो, एका अंगाला वर्धा नदी, आणि दक्षिणेला पांढरकवड्याकडे टिपेश्वर अभयारण्य. तरीही त्या वर्षी जगभरच्या प्राणिसंग्रहालयांत जमा झालेलं ज्ञान तुकड्यातुकड्याने या तालुक्यात येऊन पोहोचलं होतं. अत्तर ब्रॉन्क्सचं. बेशुद्धीच्या बाणात भरायचं झायलाझिन आणि केटामाइनचं मिश्रण पशुवैद्यांमध्ये ज्या नावाने ओळखलं जातं ते हेलाब्रुन हे नाव जर्मनीतल्या म्युनिकच्या प्राणिसंग्रहालयाचं. पुढे वाघिणीचं शवविच्छेदन झालं ते नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात. तुकडे सगळे आले. ते जोडणारी माणसं एकमेकांशी बोलत होती का, हा या गोष्टीतला खरा प्रश्न आहे.

तो प्रश्न राळेगावपेक्षा बराच जुना आहे.

भारतातली प्राणिसंग्रहालयं हौसेतून जन्मली. जुनागढचं सक्करबाग 1863 चं, म्हैसूरचं 1892 चं. दोन्ही संस्थानिकांच्या काळातली. मुंबईची राणीची बाग 1860 च्या दशकातली. नागपूरचं महाराजबाग भोसल्यांच्या बागेत 1894 मध्ये सुरू झालं आणि आज कृषी विद्यापीठाच्या ताब्यात आहे. कोणी महापालिकेचं, कोणी वनखात्याचं, कोणी विद्यापीठाचं, कोणी ट्रस्टचं. एका संग्रहालयाच्या डॉक्टरला दुसऱ्या गावी काय चाललं आहे याचा पत्ता नसे. वाघ आजारी पडला तर गाई-म्हशींचा अनुभव असलेला पशुवैद्य पुस्तक उघडून बसे. प्राण्यांची देवाणघेवाण चाले ती ओळखीवर: आमच्याकडे हरणं फार झाली, तुमच्याकडे मोर असतील तर बघा. वंशावळीची नोंद ठेवायची पद्धत नव्हती. त्यामुळे एकाच आईबापांची पिल्लं गावोगाव फिरून पुन्हा एकमेकांशी जुळवली जात, आणि काही ठिकाणी आशियाई सिंहांत आफ्रिकी रक्त मिसळून गेलं ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

या विस्कळीत कारभाराला धागा लावला तो एका परदेशी बाईने. सॅली वॉकर या अमेरिकेतून योग शिकायला म्हैसूरला आल्या आणि तिथल्या प्राणिसंग्रहालयात गुंतून पडल्या. आधी त्यांनी 'म्हैसूर झूचे मित्र' अशी मंडळी जमवली. 1985 मध्ये 'झू आउटरीच ऑर्गनायझेशन' काढली, जी पुढे कोइंबतूरला स्थिरावली. 'झूज प्रिंट' नावाचं मासिक सुरू केलं. आज ई-मेलच्या काळात त्याचं महत्त्व कळणार नाही, पण दूरच्या गावी एकट्या पडलेल्या क्युरेटरला दुसऱ्या राज्यात माकडांना कोणता खुराक देतात, कोणत्या रोगाने हरणं मेली, हे छापील कागदावर वाचायला मिळू लागलं. बाई फटकळ होत्या. वाईट संग्रहालयाला वाईट म्हणायला कचरत नसत. तरीही सगळ्यांना एका टेबलाशी बसवत. 2000 साली काठमांडूत त्यांच्या पुढाकाराने भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश, पाकिस्तान इथल्या संग्रहालयांची एक प्रादेशिक संघटना उभी राहिली. आफ्रिकेतली संग्रहालयं 1989 मध्येच एकत्र आली होती, आग्नेय आशियातली त्याच सुमारास. दक्षिण आशियाला दहा वर्षं उशीर झाला. ज्या देशांचे पंतप्रधान एकमेकांना भेटायला तयार नसत त्या देशांतले प्राण्यांचे डॉक्टर एकत्र बसून कळपातल्या क्षयरोगावर बोलू लागले. सॅली वॉकर 2019 च्या ऑगस्टमध्ये कोइंबतूरला वारल्या. मराठी वर्तमानपत्रांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही, आणि ती चूकच झाली.

सरकारी बाजूने कायदा आला तो 1991 च्या दुरुस्तीने. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्राणिसंग्रहालयांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं आणि 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झालं. मान्यता नसेल तर प्राणिसंग्रहालय चालवता येणार नाही, आणि महत्त्वाच्या वन्यप्राण्यांची देवाणघेवाण प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करता येणार नाही, असा नियम झाला. बागेच्या कोपऱ्यात दोन माकडं आणि एक अस्वल ठेवून 'मिनी झू' म्हणवणाऱ्या शेकडो जागा बंद पडल्या.

या नव्या व्यवस्थेची पहिली मोठी कसोटी सर्कशीने घेतली. भारतीय सर्कशीची सुरुवातच मुळी मराठी माणसाने केलेली: सांगलीकडच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 मध्ये मुंबईत पहिला तंबू ठोकला. 1998 च्या अधिसूचनेने सर्कशीत वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं नाचवायला बंदी आली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मग त्या सिंहांचं आणि वाघांचं करायचं काय? जंगलात सोडता येत नाहीत, मारता येत नाहीत. बंगळूरचं बन्नेरघट्टा, चेन्नई, तिरुपती, विशाखापट्टणम, भोपाळ, जयपूर अशा ठिकाणी त्यांच्यासाठी बचाव केंद्रं उघडली. संकरित सिंहांची पैदास थांबवून त्यांना तिथे म्हातारपणापर्यंत पोसलं गेलं. कोण किती सिंह घेणार, खर्च कोण देणार, गाडीसोबत डॉक्टर कुठला, हे प्रश्न त्या वेळी बसून कागदावर सोडवले गेले. कंटाळवाणं काम होतं, पण झालं.

महाराष्ट्रात मात्र असा सराव उशिरा आणि अडखळत आला. पुण्यातलं पेशवे पार्क कात्रजला हलवून नव्याने उभं राहिलं. राणीच्या बागेत 2016 मध्ये दक्षिण कोरियातून पेंग्विन आले, त्यातला एक काही महिन्यांतच मेला, आणि ते प्रकरण राजकारणात इतकं अडकलं की मूळ प्रश्न बाजूला राहिला. औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून 2020 मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी राणीच्या बागेत आली. 2022 मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाने आपले दोन वाघ सक्करबागला दिले आणि मानस-मानसी हे सिंह आणले. हे व्यवहार रीतसर झाले. पण 2018 मध्ये विदर्भाची स्थिती अशी की नागपूरच्या महाराजबागेची मान्यताच धोक्यात. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात प्राधिकरणाने ती रद्द केली आणि मग अपील, स्थगिती असा खेळ सुरू झाला. गोरेवाड्याचं बचाव केंद्र सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. आणि त्याच नोव्हेंबरच्या दुसऱ्या दिवशी, रात्री, बोराटीच्या जंगलात गोळी सुटली होती.

ती गोळी सुटण्याआधीचे दोन महिने पाहण्यासारखे आहेत.

वाघिणीविरुद्धचा आदेश आधी जानेवारी 2018 मध्ये निघाला होता, तो न्यायालयात अडकला. 4 सप्टेंबरला नवा आदेश निघाला: बछड्यांना आणि तिला बेशुद्ध करून पकडा, तिला पकडणं जमलंच नाही तर मारा. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो मान्य केला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घालायला नकार दिला. कायदाही तेच सांगतो. वाघाला पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, हलवता येत नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री झाल्यावरच मारण्याचा आदेश देता येतो. म्हणजे आधी पकडायला जाणकार माणसं हवीत.

माणसं आली. लोणी गावाजवळ तळ पडला. मध्य प्रदेशातून हत्ती आणि पशुवैद्य आले. ताडोबाहून गजराज नावाचा हत्ती आला. हैदराबादचे शिकारी नवाब शफात अली खान आले, विरोध झाल्यावर परत गेले, पुन्हा बोलावले गेले. शंभरावर कॅमेरे लागले, ड्रोन फिरले, पॅराग्लायडर आणला. गोल्फपटू ज्योती रंधावा यांचे दोन इटालियन शिकारी कुत्रे आले. दोनशेच्या आसपास माणसं रान तुडवत होती. एवढा लवाजमा इंग्रजांच्या काळातल्या लाटसाहेबाच्या शिकारीलाही जमला नसेल, आणि वाघीण दहा महिन्यांच्या दोन पिल्लांना घेऊन या सगळ्यांच्या मधून वाट काढत होती.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री गजराजने साखळी तोडली. चहांद गावात त्याने एका तरुण स्त्रीला चिरडलं आणि पुढे पोहणा गावात एका माणसाला जखमी केलं. वाघाच्या भीतीने आधीच जागं असलेल्या गावाला आता सरकारने आणलेल्या हत्तीने मारलं. सगळे हत्ती परत पाठवावे लागले. अनोळखी मुलखात, अनोळखी हत्तींच्या शेजारी, इतक्या गडबडीत बांधलेला नर हत्ती काय करू शकतो हे माहुताला ठाऊक असतं. पण त्या तळावर माहुताचं म्हणणं कोणाच्या कानावर जायचं, मध्य प्रदेशाचा डॉक्टर कोणाला जबाबदार, खाजगी शिकारी कोणाच्या हुकमात, याची घडी बसलेलीच नव्हती. सगळे पाहुणे होते. यजमान घाबरलेला आणि घाईत होता.

2 नोव्हेंबरला, रात्री अकराच्या सुमारास, शफात अली यांचा मुलगा असगर अली याने बोराटीच्या 149 क्रमांकाच्या कक्षात वाघिणीला गोळी घातली. त्या जागी दुसऱ्या वाघिणीचं मूत्र आणि ते अमेरिकी अत्तर शिंपडलेलं होतं, त्या वासावर ती आली. जीपवर चालून आली म्हणून स्वसंरक्षणात गोळी झाडली, असं शिकाऱ्याचं म्हणणं. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने त्यावर गंभीर आक्षेप घेतले: सूर्यास्तानंतर बेशुद्ध करण्याचा प्रयत्न करायचा नसतो, सोबत पशुवैद्य नव्हता, औषध तयार करून त्याची मुदत उलटली होती, आणि वाघिणीच्या मांडीत सापडलेला बाण बंदुकीतून सुटल्यासारखा दिसत नव्हता. मेनका गांधी आणि सुधीर मुनगंटीवार या दोन मंत्र्यांमध्ये जाहीर जुंपली. गावांत फटाके वाजले, पेढे वाटले. शहरांत मेणबत्त्या लागल्या.

दोन्हीकडच्या भावना समजण्यासारख्या होत्या. पण या गदारोळात मागे पडलेला साधा प्रश्न असा की त्या रात्री पशुवैद्य कुठे होता? म्युनिकच्या नावाचं औषध राळेगावात आलं, पण औषध कधी तयार करायचं, अंधारात बाण का मारायचा नाही, बाण लागल्यावर किती वेळ थांबायचं, हे ज्याच्या हातात मुरलेलं असतं तो माणूस त्या गाडीत नव्हता. बाटली विकत मिळते. सवय विकत मिळत नाही.

मागे दोन बछडे उरले. 22 डिसेंबरला मादी बछड्याला बेशुद्ध करून पकडलं, आणि हे काम डॉक्टर व हत्तींच्या साथीने नीट पार पडलं. तिला पेंचमधल्या तितरालमांगीच्या मोठ्या बंदिस्त आवारात ठेवलं गेलं. नर काही हाती लागला नाही. मादी तिथेच वाढली, शिकार शिकली. 5 मार्च 2021 ला गळ्यात रेडिओ कॉलर घालून तिला पेंचच्या जंगलात सोडलं. आता तिचं नाव पीटीआरएफ-84. तीन दिवसांत ती जखमी सापडली. दुसऱ्या वाघिणीशी झुंज झाली होती. आठवडाभरातच ती गेली. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, 26 जानेवारीला, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते नागपूरला 1,914 हेक्टरांवरच्या गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानातल्या सफारीचं उद्घाटन झालं होतं.

गोष्ट इथे संपली असती तर ती फक्त उद्वेगाची ठरली असती. पण शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वेगळं काही घडत होतं. ताडोबाचे पशुवैद्य डॉ. रविकांत खोब्रागडे आणि बाण मारणारे अजय मराठे यांचं पथक वर्षानुवर्षं एकत्र काम करत होतं. तीच माणसं, तीच गाडी, तीच भांडण्याची आणि मिटवण्याची पद्धत. 27 ऑक्टोबर 2020 ला राजुऱ्याचा आरटी-1 हा वाघ जिवंत पकडला गेला. त्याच्यामागेही बळींची यादी होती, त्यालाही मारा म्हणून लोक रस्त्यावर उतरले होते. 13 ऑक्टोबर 2022 ला गडचिरोलीच्या वडसा वनक्षेत्रात सीटी-1 हा वाघ ताडोबाच्याच पथकाने बेशुद्ध केला. त्याने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या तीन भागांत मिळून 13 माणसं मारली होती. राळेगावात होता तोच आकडा. तीन जिल्ह्यांतली वनखात्याची माणसं त्याच्या मागावर होती, पण बाण कोणी मारायचा यावर वाद नव्हता. दोन्ही वाघ गोरेवाड्याला गेले.

आणि तिथेच पुढची अडचण सुरू झाली. पकडलेला वाघ कुठेतरी ठेवावा लागतो. तो बहुधा परत सोडता येत नाही. पंधरा वर्षं रोज मांस, औषध, राखणदार. चंद्रपूरला वाघ वाढले तसे गोरेवाड्याचे पिंजरे भरत गेले. डिसेंबर 2024 मध्ये त्या केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या काही दिवसांत मेले. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवसांत उत्तर आलं: बर्ड फ्लू, एच5एन1. हे वाघ चंद्रपूर भागातून मानव-वन्यजीव संघर्षापायी पकडून आणलेले होते. संशय कच्च्या कोंबडीच्या मांसावर गेला. राज्यातल्या सगळ्या संग्रहालयांना खबरदारीच्या सूचना गेल्या. मे 2025 मध्ये गोरखपूरच्या प्राणिसंग्रहालयातली वाघीण त्याच रोगाने मेली, तेव्हा उत्तर प्रदेशाने आपली संग्रहालयं काही काळ बंद केली. नागपूरचा रोग गोरखपूरला गेला असं म्हणायचं कारण नाही. पण नागपूरने जे सोसलं ते गोरखपूरला आधी कळलेलं असणं महत्त्वाचं होतं. सॅली वॉकर यांनी मासिक काढलं ते याचसाठी.

टिपेश्वरचे वाघ आता यवतमाळपुरते राहिलेले नाहीत. एक ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. दुसरा 2024 च्या अखेरीस धाराशिवच्या येडशी रामलिंगच्या टेकड्यांत पोहोचला आणि त्याला पकडायला ताडोबाचं पथक मराठवाड्यात उतरलं. उद्या आणखी एखादा बार्शीत, बीडमध्ये, नांदेडात दिसेल. तिथल्या शेतकऱ्याने वाघ पूर्वी पाहिलेला नसेल, आणि तिथल्या वनाधिकाऱ्याने बाणाची बंदूक फक्त फोटोत.

वनमंत्रालयाला एकच करता येण्यासारखं आहे, आणि ते फार खर्चाचंही नाही. वाघ पकडण्याचा प्रत्येक आदेश निघताना त्यात तीन गोष्टी नावानिशी लिहिलेल्या असाव्यात: बाण मारणारं पथक कोणतं, सोबत पशुवैद्य कोण, आणि पकडलेला वाघ राज्यातल्या किंवा शेजारच्या राज्यातल्या कोणत्या केंद्रातल्या कोणत्या रिकाम्या आवारात जाणार. ते आवार रिकामं असल्याचं तिथल्या अधिकाऱ्याचं पत्र आदेशाला जोडलेलं असावं. राळेगावच्या आदेशासोबत असं पत्र असतं तर 2018 चे ते दोन महिने वेगळे गेले असते.